चारचौघांत न बोललेली गोष्ट

औंढ्याच्या सुहास केदारीला कुणी विचारलं, तुझं काम काय रे, तर तो म्हणायचा, "कम्प्युटरचं." विचारणारा समाधानाने निघून जायचा. खरं सांगायला बसला असता तर ऐकणाऱ्याची एसटी चुकली असती आणि हाती काही लागलं नसतं ते वेगळंच.

खरं ते असं. कम्प्युटर कुठलाही असो, त्याच्या पोटात एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. मेमरीतल्या कुठल्या पानावर लिहायचं आणि कुठल्या पानावरचं नुसतं चालवायचं, हे तो बघतो. जिथे लिहिता येतं तिथलं चालता कामा नये, आणि जे चालतं त्यावर कुणाला लिहिता येता कामा नये. नाहीतर बाहेरचा कुणीही येतो, काहीबाही लिहून जातो आणि यंत्र मुकाट्याने तेच चालवतं. नियम एकच, पण तो पाळायची प्रत्येक प्रोसेसरची तऱ्हा निराळी. म्हणून प्रत्येकामागे कुणीतरी एक माणूस लागतो, त्याला हा नियम शिकवत बसणारा.

सुहासच्या वाट्याला आलेला प्रोसेसर जुना आणि हट्टी. इतर प्रोसेसर पानापानाला कुंपण घालू देत. हा सगळ्या मेमरीला मिळून आठच कुंपणं द्यायचा. त्या आठांत सगळं बसवण्यात सुहासची अकरा वर्षं गेली. तळेगावकडच्या ज्या छोट्या कारखान्यात तो हे शिकला, तिथे हृदयाचे ठोके दाखवणारी यंत्रं बनत. कारखाना बंद पडला. यंत्रं मात्र खेडोपाडीच्या दवाखान्यांत, इंटरनेटला जोडलेली, चालूच राहिली. त्यांच्यासाठी सुहास आपली नोकरी सांभाळून रोज सकाळी चहाआधी हे काम करायचा. त्याची बायको कोमल म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या." त्याला ते पटायचं, आणि तो भाजत राहायचा.

आता औंढ्याची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. बाविसाव्या वर्षी सुहासने भावकीच्या बैठकीत भिमाजीआबांना, म्हणजे भावकीतल्या सर्वांत वडील माणसाला, उभं राहून खोडून काढलं होतं. खाचरातून जाणाऱ्या वाटेचा प्रश्न होता, आणि सुहासचं खरं होतं. भिमाजीआबांनी मान खाली घातली. पुढे दोन वर्षं सुहासच्या घरी भातलावणीला भावकीतलं एक माणूस आलं नाही. त्याचे वडील सीताराम तेव्हा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुजं खरं व्हतं. पर मोठ्या मानसाला चारचौघांत बोलू न्हाई. दुसऱ्या दिशी त्येच्या घरी जावं, च्या प्यावा, मंग बोलावं."

ते सुहासच्या हाडात मुरलं.

कर्नलमधल्या मेमरीचा सगळा कारभार परदेशातल्या एका वयस्क गृहस्थांकडे होता. सुहासने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्याच्या पहिल्या कामातल्या एकोणीस चुका त्यांनी एकही वाकडा शब्द न वापरता दाखवून दिल्या होत्या, म्हणून घरात तो त्यांना 'थोरले' म्हणायचा. त्या थोरल्यांनी सगळ्या प्रोसेसरांसाठी मिळून संरक्षणाची नवी मांडणी केली, आणि जानेवारीत हजारो लोक वाचतात त्या ई-मेलच्या सामायिक यादीवर पत्र टाकलं. नव्या मांडणीसाठी ह्या जुन्या प्रोसेसरचं काही आलेलं नाही, त्याचं काम कुणी सांभाळत असल्याचं दिसत नाही. वापरणारं कुणी असेल तर इथे लिहा, नाहीतर तीन आठवड्यांनी काढून टाकतो.

सुहासचं नव्या मांडणीचं काम तयार होतं. घरच्या खिडकीत ठेवलेल्या, तोच प्रोसेसर असलेल्या उघड्या बोर्डावर महिनाभर चालवून पाहिलं होतं. एक ओळ लिहायची होती, 'मी वापरतो, मी सांभाळतो.' पण थोरले चारचौघांत म्हणाले होते की सांभाळणारं कुणी नाही. त्याच चारचौघांत त्यांना खोटं पाडायचं? त्याने दोन दिवस घालवून एक लांब, अदबीचं पत्र लिहिलं, सोबत सगळं काम जोडलं, आणि ते फक्त थोरल्यांना पाठवलं. घरी जाऊन बोलल्यासारखं.

उत्तर आलं नाही. सुहास निर्धास्त होता. गावातही वडीलधारा माणूस लगेच उत्तर देत नाही, मनात घोळवतो.

तीन आठवड्यांनी त्या प्रोसेसरच्या चार हजार ओळी कर्नलमधून निघाल्या. कारण दिलं होतं, 'कुणाची हरकत आली नाही.'

मग मात्र त्याने यादीवर लिहिलं. थोरल्यांचं उत्तर तासाभरात आलं, आणि ते मायेचं होतं, हेच जास्त लागलं. मी खासगी पत्रं वाचत नाही, सूचनांच्या पहिल्याच पानावर ते लिहिलं आहे. वाईट वाटतं. परत घ्यायचं तर सांभाळणारी निदान दोन माणसं हवीत. तुमच्यासोबत दुसरं कोण आहे?

दुसरं कोणी नव्हतं. त्याने कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला, संदेशला, फोन लावला. "अरे, तू अजून त्यातच आहेस?" संदेश म्हणाला, आणि मुलांच्या शाळेचं विचारू लागला. आणखी चौघांना विचारून झालं. सुहासला भयंकर लाज वाटत होती, आणि राग कुणावर काढावा तेही कळत नव्हतं. थोरल्यांचं चुकलं नव्हतं. वडिलांचंही नव्हतं.

आठवड्याने तो सीतारामना दवाखान्यात घेऊन गेला. नर्स निर्मलाने त्यांच्या बोटाला चिमटा लावला आणि पलीकडचं पिवळट यंत्र चालू केलं. सुहासने ते लगेच ओळखलं.

"लय जुनं हाय," ती म्हणाली, "पर कधी दगा दिला न्हाई."

"नवीन मागवा," सुहास म्हणाला.

"कोण देतंय? हे चालतंय की."

ते चालणारच होतं. उद्या कुणी त्यात शिरलं तरी तसंच चालत राहणार होतं, वाटेल तो आकडा दाखवत, आणि ती त्यावर विश्वास ठेवणार होती. ते भोक बुजवणारं आता जगात कुणी नव्हतं. हे तिला सांगून काय होणार होतं?

सीताराम पडल्यापडल्या हिरवी रेघ बघत होते. मुलगा काही दिवस धड जेवत नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"त्या तुज्या थोरल्यांशी काय बिनसलं का?"

"व्हय."

"चारचौघांत बोलला न्हाईस ना?"

"न्हाई. आदी त्यांनाच एकट्याला लिवलं."

म्हाताऱ्याला बरं वाटलं. त्यांनी मोकळ्या हाताने मुलाचा हात थोपटला. "शाना हाईस," ते म्हणाले, आणि यंत्रावर ठोके जरा सावकाश झाले.