सरांनी खोडलेला बंबा

त्या दिवशी मी बंब्यापर्यंत गेलोच नव्हतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भालेराव सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होतो, आणि डोक्यात आधी आलं ते हेच, की आता विचारणारं कुणी उरलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. दीड महिना झाला, त्या सुटल्यासारखं वाटण्याची शिसारी जात नाही.

सरांनी आम्हाला शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या शहराचा नकाशा काढायला घेतला. दरवाजे, तटाच्या खिडक्या, जमिनीखालून पाणी आणणारी नहर आणि तिच्या वाटेवरचे बंबे, म्हणजे पाण्याचा दाब राखणारे दगडी मनोरे. नेम एकच. ऐकीव असेल ते पेन्सिलनं, स्वतः हात लावला असेल ते शाईनं. "दगडाला हात लावल्याबिगर शाई नाय," म्हणायचे. रविवारी मी त्यांना गाडीवर फिरवायचो. बेगमपुऱ्यात एका म्हातारीनं हटकलं, "मास्टर, रोज क्या नापते? शहर बिकनेवाला हय क्या?" सर म्हणाले, "बिक गया अम्मा. बचेला गिन रहा हूँ."

शेवटी पेन्सिलीत एकच बंबा उरला, एका बंद गोदामाच्या मागं, बाभळीच्या झाडीत. तोवर सरांचे गुडघे गेले होते. "तू जाऊन ये. तुझा हात तो माझाच हात," म्हणाले. ऊन होतं, मधल्या नाल्याला घाण वास होता. मी कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन चहा घेतले आणि परतलो. म्हटलं, "काही नाही सर, दगडांचा ढीग आहे."

"हात लावलास?"

"लावला."

त्यांनी रबर घेतलं, खोडलं, कागदावर हलकेच फुंकर मारली...

पुढं तिथं दुकानांचं बांधकाम निघालं. कुणीतरी हरकत घेतली, तर बिल्डरनं सरांचाच नकाशा पुढं केला. भालेराव गुरुजींनीच दाखवलेला नाही, मग बंबा कसला? एका सकाळीत तो आडवा झाला. सर रिक्षानं गेले, मला बोलावून घेतलं. उरलेल्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगला उभा होता की रे. चूक माझीच. ढीग म्हणलास तवा दुसऱ्या अंगानं बघून ये म्हणायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, "हो सर."

खोटं बोललो ते आळसापायी. पण हा होकार... त्याची आठवण आली की तोंडात कडू येतं. शोकसभेत त्याच बिल्डरनं हार घातला आणि माइकवर म्हणाला, "एखादा बंबा सुटला असेल, पण माणूस मोठा." लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सरांच्या माणसांत त्या दिवशी माझ्याइतकं किळसवाणं कुणी नव्हतं.

बंबा सरांच्या नजरेतून सुटला नव्हता, माझ्या शब्दावर त्यांनी तो खोडला. इथं पेपरात हे लिहिणं त्यातल्या त्यात सोपं आहे. सरांच्या पत्नीला, काकूंना, आता दिसत नाही, त्या तो वाचणार नाहीत. त्यांच्यासमोर बसून हे तोंडानं सांगणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.