हाताने अधू

वस्तीत कोणी एखाद्याला ‘अधू माणूस’ म्हटलं की पगारेकाका त्याला तिथेच थांबवत. “कशानं अधू, ते आधी बोला,” म्हणत. “डोळ्यानं, पायानं, कानानं. नुसतं अधू म्हटलं की अख्खा माणूस बुडाला.”

सातपूरच्या कामगार वसाहतीत ते आमचे शेजारी. मी कामाला होतो त्याच कारखान्यात प्रेस मशीनवर होते. आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात मशीनखाली सापडला. हात राहिला, पण बोटं आत वळली ती कायमची. दवाखान्यातून आल्यावर साहेबांनी बोलावून सांगितलं, की हात निकामी झालाय, आता काम देता येणार नाही. मी सोबत होतो. काका शांतपणे म्हणाले, “साहेब, निकामी मशीन होतं. ते भंगारात घालतात. मी हातानं अधू झालोय. बाकीचा पगारे शाबूत आहे.” साहेबांनी मान डोलावली. नोकरी गेलीच.

काकू दुसऱ्यांकडे धुणीभांडी करू लागल्या, तेव्हा काका डाव्या हाताने भाकरी थापायला शिकले. भाकरी कडेला फाटायची. मुलगी सुशीला नेमकी तीच उचलायची.

तिला बघायला घोटीहून पाहुणे आले, त्या दिवशी मात्र काकांनी हात खिशात लपवला. मीही बैठकीत होतो. सुशीला चहा घेऊन वडिलांपुढे आली. त्यांनी डावा हात पुढे केला, तरी ती कप देईना. “आप्पा, दोन्ही हातांनी धरा, गरम आहे,” ती हळूच म्हणाली. काकांनी हात बाहेर काढला. पाहुण्यांनी तो पाहिला आणि चहा संपवला. उठताना मुलाचा मामा म्हणाला, बापच निकामी, म्हणजे उद्या सगळा भार आमच्या पोरावर.

त्यानंतर काकांना कोणी ख्यालीखुशाली विचारली, की “निकामी माणसाचं काय असायचं?” म्हणायचे. सुशीला एकदा त्यावरून भांडली. “हातानं अधू म्हणा, आप्पा.”

“आता कुठं कुठं म्हणू?” ते म्हणाले.

पुढच्या थंडीत तापाचं निमित्त झालं. औषध ते घेईनात. चार माणसं जमली, तिरडी बांधून झाली. एक नातेवाईक त्यांची वळलेली बोटं सरळ करायला बघत होता. सुशीलाने त्याचा हात धरला.

“ओढू नका,” ती म्हणाली. “त्यांना तिथं दुखायचं.”