ओळख न दाखवणारा कंपाउंडर

चिंचवडपासून चाकणपर्यंत आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरइतका तुसडा माणूस तेव्हा दुसरा नव्हता. दवाखान्यात हा निघोज्याचा गृहस्थ तुमच्या दुखण्याखुपण्याची खडान् खडा चौकशी करणार, आणि संध्याकाळी बाजारात समोर आलात तर तोंड फिरवून वांगी निवडत बसणार. नमस्कार केलात तर डोळे वटारणार. याने ओळख दाखवली तर लोकांना कळेल ना, की तुम्ही आजारी आहात! औषधं सगळ्यांची सारख्याच वर्तमानपत्रात गुंडाळी. खरजेच्या मलमाची डबीसुद्धा बाटलीएवढी फुगवून बांधी. आईला काय झालंय म्हणून मी विचारलं, तर अंगावर खेकसला, "आई तुमची, पर कागूद तिचा हाय. तिला इचारा!" आई घरी म्हणत होती, मला काय कळतंय, त्याला विचार. असा संताप आला होता!

मग नव्या कारखान्यात मला नोकरी लागली आणि त्याच वर्षी क्षय निघाला. नाव फुटलं असतं तर नोकरी गेलीच असती, विहिरीवर घागरही कुणी लावू दिली नसती. मी गुपचूप इंजेक्शनं घेत होतो. एक दिवस कारखान्याचा साहेब दवाखान्यात येऊन म्हणाला, आमच्या कामगारांतल्या कुणाकुणाची छाती खराब आहे त्याची यादी करा, चार दिवसांनी नेतो. डॉक्टर पाघळले. त्यांच्या लक्षात रोग राहत, नावं राहत नसत. नावं कपाटातल्या कागदांत. त्या आठवड्यात माझी बाटली जरा जाड लागली. घरी सोडून पाहतो, तर वर्तमानपत्राच्या आत माझाच केसपेपर! चौथ्या दिवशी साहेबासमोर कपाट उघडलं, तर आत झुरळं. डॉक्टर किंचाळले, "कागद कुठायत?"

"ज्येंचं व्हतं त्येंना दिलं," कंपाउंडर म्हणाला.

त्याला तिथल्या तिथे हाकललं. बाकावर आम्ही दहाबारा जण होतो, सगळ्यांच्या घरी आपापले कागद पोचलेले, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. त्या साहेबाचा, डॉक्टरचा मला आजही राग येतो. माझा जास्त येतो.

मी बरा झालो, लग्न झालं. बायको आणि सासऱ्यांबरोबर आळंदीला गेलो, तर घाटावर हा फुटाणे विकत बसलेला, अंगावर विटका सदरा. मी धावतच गेलो. "काका, ओळखलंत का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या सासऱ्यांकडे पाहिलं. "न्हाई बुवा. कोन आपन?"

"कोण हो हे?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो. "चुकलं माझं."

त्याने खाली मान घालून फुटाणे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, घट्ट, दोन्ही टोकं आत दुमडून. मी पुडी घेऊन पायऱ्या चढलो. एकदा, निदान त्या दिवशी तरी, त्याने मला ओळखायला हवं होतं.