धोंडूमावशीचा आवाज कुठे अडला

"फोनचा आवाज गेला" असं म्हणत कुणी दारात उभं राहिलं की मी आधी चिडते आणि मग विचारते, "कुणाचा? तुमचा त्यांना जात नाही, की त्यांचा तुम्हाला येत नाही?" या साध्या प्रश्नाला आमच्या सोसायटीतली शिकलेली माणसंही गडबडतात. तिसऱ्या मजल्यावरचे हौसेराव म्हणाले, "दोन्ही असेल, बघा ना जरा." त्यांचा फोन सायलेंटवर होता. गेल्या वेळीही सायलेंटवरच होता. मी बँकेतून निवृत्त झाले, मुलगा निशांत बंगळुरूला गेला, त्याने फोनवरूनच मला फोन शिकवला, आणि तेव्हापासून मी या टॉवरची बिनपगारी मेकॅनिक झाले आहे. तोंडाने कुरकुर करते, पण मला हे काम आवडतं.

धोंडूमावशी मात्र माझ्या दारात आली नाही. तिने मला बोलावून घेतलं. ती कुणाच्या दारात जातच नाही, लोक तिच्याकडे येतात.

आमचा टॉवर आणि घणसोली गाव यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. लग्नानंतर मी आणि नंदकुमार कऱ्हाडहून इकडे आलो तेव्हा याच गावात मावशीच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्यांच्या भिंतीला लागायचा. घरमालकीण म्हणून मावशी कडक होती, पण निशांतच्या वेळी माझे डोहाळे तिनेच पुरवले. फ्लॅट घेऊन रस्त्यापलीकडे गेलो तरी तिच्या लेखी मी अजून वरच्या खोलीतलीच चारू आहे.

मावशी धवलारीण आहे. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत एकेका विधीला धवला गातात, आणि तो धवलारीण गाते. ती एक ओळ पुढे टाकते, मांडवातल्या बायका ती झेलतात, म्हणजे तिच्यामागून तीच ओळ म्हणतात. हळद कुणी आधी लावायची, दिवा कुठे ठेवायचा, कुणी कुठे बसायचं, सगळं तीच सांगते. मी एकदा तिच्याबरोबर एका हळदीला गेले होते. नवरदेवाच्या काकाने मध्येच डीजेवाल्याला इशारा केला. मावशी गाणं न थांबवता नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि काका हात जोडून मागे सरकला. अशा बाईला कोण नाही म्हणणार?

मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची मनाई केली. धवलारीण पाटावर बसते. खुर्चीत बसून धवला म्हणणं मावशीला मंजूर नव्हतं. "देव खाली आन् मी वर, असा कवा झालाय का?" ती म्हणाली. आता गावात दुसरी धवलारीण उरली नव्हती. लोक यूट्यूबवरचा धवला स्पीकरला लावून हळद उरकू लागले होते. मावशीच्या घरावरून ते आवाज जायचे आणि ती खिडकी लावून घ्यायची.

त्यातच रुतिका पुढे आली. रुतिका म्हणजे मावशीच्या भावाची नात. उरणच्या बाजूला राहते, द्रोणागिरीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरच्या नोंदी बघते. एका लग्नात स्पीकरचा धवला मध्येच अडकला, जाहिरात लागली, आणि सगळा मांडव हसला. तिला ते फार लागलं. तिने मावशीला फोन करून सांगितलं, "आजी, मना शिकव." नोकरीमुळे तिला रोज घणसोलीला येणं जमणारं नव्हतं. मग ठरलं असं की मावशी एकेक धवला फोनवर रेकॉर्ड करून पाठवणार, रुतिका जेवणाच्या सुट्टीत ऐकणार आणि म्हणून परत पाठवणार.

आणि आता प्रितमचं लग्न आलं होतं. प्रितम उरणकडचाच, त्याच्या आजोबांपासून त्या घरातल्या प्रत्येक लग्नात धवला मावशीचाच. त्याची आई जागृती रुतिकाला घ्यायला कबूल झाली, पण मावशीला स्पष्ट म्हणाली, "पोरगी नवीन हाय. बायकांनी झेलला तर ठीक, नायतर मोबाइलवर लावू." त्यात तिची काही चूक नव्हती. झेलणाऱ्या बायका गप्प राहिल्या तर धवला तिथेच संपतो, आणि त्या मुलीला पुन्हा कुणी बोलावत नाही. मावशीनंतर धवला राहणार की नाही, ते त्या एका हळदीवर ठरणार होतं.

अशा वेळी मावशीच्या फोनचा आवाज गेला.

"रुतिका बोलते, आजी, काय पन आयकू येत नाय," मावशी म्हणाली. खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर. समोर पाटावर फोन.

म्हणजे येणारा आवाज ठीक होता, जाणारा अडत होता. निम्मं काम तिथेच झालं. मी फोन बंद करून चालू केला. रेकॉर्डिंगला माइकची परवानगी आहे का पाहिलं, होती. कव्हर काढलं. "एक, दोन, तीन" असं बोलून रेकॉर्ड केलं आणि ऐकलं. मी विहिरीच्या तळातून बोलत असल्यासारखं वाटलं. मग व्हिडिओ काढून पाहिला, तर त्यात माझा आवाज खणखणीत. तेव्हा कुठे उजेड पडला. फोनला एक माइक खाली असतो आणि एक वर. व्हिडिओला वरचाही चालतो. खालचा बुजला होता.

मी नंदकुमारचं भिंग मागवलं आणि टॉर्च लावून खालचं बारीक भोक पाहिलं. पिवळं धमक.

"मावशी, यात हळद कशी गेली?"

"मीच लावली," मावशी म्हणाली. "रोज लावतंय."

मी कपाळाला हात लावला. तिने मला, लहान पोरीला सांगावं तसं, शांतपणे सांगितलं. धवला सुरू करण्याआधी ज्याचा उपयोग करायचा त्याला हळद लावायची. मुसळाला लावतात, जात्याला लावतात, मांडवाच्या खांबाला लावतात. आता धवला फोनमधून जाणार, तर फोनलाही लावायला हवी. आणि फोन देताना रुतिकानेच बोट ठेवून दाखवलं होतं, आजी, या भोकात बोलायचं. मग हळद दुसरीकडे कुठे लावणार? तेलात कालवलेल्या ओल्या हळदीचं एक बोट, दर धवल्याला, बरोबर त्या भोकावर. जितक्या श्रद्धेने लावत होती तितका आवाज कमी होत होता.

मला हसू आवरेना. मावशीला राग आला.

"हसतेस काय? तुज्या बँकेत मशिनीला दसऱ्याला फुलं वाहात नव्हते?"

"वाहात होतो, पण नोटा निघायच्या तिथे कोंबत नव्हतो," मी म्हटलं. मग तीही हसली.

तिच्या शेजारणीने आधीच सुई आणून ठेवली होती, टोचून भोक मोकळं करायला. ती मी पदरात लपवली. सुईने आत टोचलं की माइक कायमचा जातो. फोन बंद केला, दात घासायचा मऊ कोरडा ब्रश घेतला, भोक खाली करून हलक्या हाताने झाडत बसले. पापुद्रे पडू लागले. तेलाचा चिकटपणा राहिला होता तो कापसाच्या काडीला जरासं स्पिरिट लावून, काडी जवळजवळ कोरडी करून पुसला. मावशीला तोंडाने फुंकू दिलं नाही, फुंकर मारली की घाण आत जाते. मावशी पूर्ण वेळ मान पुढे काढून बघत होती, जणू मी तिच्याच घशात ब्रश घातला होता.

फोन चालू करून ती बोलली, आम्ही ऐकलं. आवाज स्वच्छ आला.

"आता इथे हळद लावायची नाही," मी बजावलं. "लावायचीच तर मागे कव्हरला लावा."

"पाठीला हलद लावून कोन गातं?" ती म्हणाली. मग स्वतःच तोड काढली. फोन ज्या पाटावर ठेवायची त्या पाटाला हळद लावली. देवही खूश, माइकही खूश. त्यानंतर तिचे सगळे धवले सुखरूप द्रोणागिरीला पोचले, आणि रुतिकाचे परत येऊ लागले. मावशी ऐकायची, नाक मुरडायची, म्हणायची, "शेवट तोडते. पुन्ना म्हनायला सांग." मी ते टाइप करून पाठवायचे. खरं सांगते, त्या दिवसांत मला सकाळी उठायला एक कारण होतं.

हळदीच्या दिवशी दुपारीच मी गावात गेले. मावशीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, घरात बसायला. रुतिकाने फोन लावला आणि तो तिच्या मैत्रिणीच्या, श्रुतीच्या हातात दिला. श्रुतीने फोन रुतिकाच्या तोंडाजवळ धरून ठेवायचा, असं ठरलं होतं. आमच्या बाजूला फोन पाटावर, आवाज पूर्ण मोठा.

रुतिकाने पहिली ओळ टाकली. सूर बरोबर लागला. मावशीने मान हलवली आणि बायकांची वाट पाहिली.

काहीच आलं नाही.

थोड्या वेळाने रुतिकाने दुसरी ओळ टाकली. पुन्हा तसंच. मधूनच कुठेतरी अर्धवट अक्षर यायचं आणि तुटायचं. तिसऱ्या ओळीनंतरही शांतता. रुतिका एकटीच म्हणत होती, थांबत होती, पुन्हा म्हणत होती.

"कोन झेलत नाय," मावशी म्हणाली. तिचा चेहरा मी ऑपरेशनच्या वेळीही असा पाहिला नव्हता. "पोरीला एकटीला टाकलं गो सगल्यांनी. मना रिक्षा बघ. मी जातंय."

"मावशी, त्या गुडघ्यावर? उरण काय इथे आहे?"

"खुर्चीत बसून म्हनीन. देव माफ करील."

ती खरोखरच काठी चाचपायला लागली. मी आवाजाची बटणं दाबली, फोन कानाला लावला, आणि तो लावताच मला निशांत आठवला. गणपतीत मी त्याला कॉल करून आरती ऐकवत होते. खोलीत सोसायटीची सगळी माणसं, टाळ, झांजा. तो नंतर म्हणाला, "आई, तू एकटीच आरती करत होतीस का?" कॉल चालू असताना फोन जवळच्या एका आवाजाला धरतो आणि बाकी सगळा गोंगाट समजून कापून टाकतो. त्याचा हेतू चांगला असतो, रस्त्यावरून बोलताना समोरच्याला हॉर्न ऐकू येऊ नयेत. पण त्याला झांजा कळत नाहीत आणि बायकाही कळत नाहीत. व्हिडिओ काढताना मात्र तो असं काही कापत नाही.

मी मावशीला खांदा धरून परत खुर्चीत बसवलं आणि श्रुतीला मेसेज केला: कॉल बंद कर, लांबून व्हिडिओ काढ, लगेच पाठव. कॉल तुटला. मावशीला वाटलं, तिकडे धवला बंदच केला. मी समजावत होते, ती ऐकत नव्हती. काठी मांडीवर आडवी घेऊन बसून राहिली. व्हिडिओ आला, पण उघडायला इतका वेळ लागला की मी नेटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग तो उघडला. पाटावर बसलेली रुतिका दिसली, समोर हळदीची वाटी, आणि भोवती बायकाच बायका. तिने ओळ टाकली, आणि सगळ्या मांडवाने ती झेलली. इतक्या आवाजात, की मावशीच्या फोनचा स्पीकर फाटल्यासारखा खरखरला. म्हाताऱ्या झेलत होत्या, नऊवारीतल्या, ड्रेसमधल्या पोरीही झेलत होत्या. जागृती नवरदेवाला हळद लावता लावता झेलत होती. दुसरी ओळ, तिसरी ओळ. एकही रिकामी गेली नाही. मघाशी आम्हाला जी शांतता ऐकू येत होती, ती इतकी भरलेली होती.

मावशीने काठी बाजूला ठेवली. व्हिडिओ संपेपर्यंत ती हलली नाही. मी डोळे पुसले, कारण मला पुसावेसे वाटले.

"तिसरी ओल घाईत टाकली," ती म्हणाली. "बाकी बरी म्हनाली."

मग म्हणाली, "परत लाव गो."

मी परत लावला. रुतिकाने पहिली ओळ टाकली, बायकांचा आवाज उठला, आणि खुर्चीतून मावशीनेही ती ओळ झेलली. तिच्यामागून म्हणणाऱ्या पिढ्या मी पाहिल्या होत्या. तिला कुणाच्या मागून म्हणताना कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या ओळीला तिने मला कोपराने ढोसलं, म्हणून मलाही म्हणावं लागलं. मला सूर नाही, शब्दही नीट येत नव्हते, पण तिने चूक काढली नाही. ती रुतिकाच्या मागून गात होती, आणि तिला पुढच्या ओळीची घाई नव्हती.