साहेबाचा गळ आन् आईचे गोळे

चहा प्या, आन् मंग खुशाल मले शिव्या द्या! काय सांगू तुमाले, माह्यासारखा येडा, बयताड मानूस साऱ्या वाशीम तालुक्यात झाला नसंन.

पन्नास-बावन सालची गोष्ट. मी कचेरीत हंगामी कारकून. दर सहा महिन्याले नोकरी सुटाची, मंग पुन्हा साहेबाच्या दारात उभं राहाचं. आन् साहेब कसे? माशाच्या शिकारीचे येडे! एक दिवस म्हनले, "या भागात मोठा मासा मिळतच नाही."

गप बसाव की नाही मी? "साहेब, आमच्या गावच्या डोहात मानसाएवढा हाये! माह्या हातून खाते."

साफ खोटं! तो खाये माह्या आईच्या हातून. अनसिंगच्या पलीकडं आमचं गाव. बाप गेल्यापासून आई दर सोमवारी कच्च्या कनकीचे गोळे घेऊन डोहावर जाये. "ये रे माह्या राजा, ये" म्हने, आन् तो येये.

"मासा मिळवून दे," साहेब म्हनले, "तुझं कायम व्हायचं मी बघतो."

आता तुमीच सांगा, हंगामी मानसानं काय करावं?

रविवारी डोहावर साहेबांनी पेटी उघडली. आत मखमलीवर माशाले भुलवाचे चमकते पितळी चमचे, रंगवलेले लाकडी मासे, रबरी बेंडूक! एकेकाच्या पोटाले गळ.

"कोणतं लावू? तू सांग."

मी जन्मात गळ हाती धरला नोता! लुगडं निवडल्यावानी उलटून पालटून पाह्यलं, आन् सगळ्यात लाल मासा उचलला.

पह्यल्याच फेकीत तो बाभळीत अडकला. चमचा खडकात गेला. बेंडूक घेऊन एक कासव पसार झालं. साहेबांचं तोंड त्या लाकडी माशाहून लाल!

"तुझ्या हातून खातो ना? मग?"

माही टरकली. धावतच घरी गेलो. "आई, साहेबाले तुहा मासा पाहाचा हाये. गोळे करून दे."

पाहाचा हाये, इतकंच बोललो बरं! म्हातारी अशी हरकली! घरात बोटभर तूप होतं, ते सारं कनकीत घातलं. नवं लुगडं नेसली.

"तू काहून येतं? मी नेतो ना."

"तुह्या हाकेले तो येईन काय रे?"

गोळ्याचं ताट घेऊन ती माह्यापुढंच निघाली.

डोहावर तिनं साहेबाले हात जोडले. साहेबांनी ताटातून गोळा घेतला, पाठ फिरवली आन् त्यात गळ खुपसला. आईले नाही दिसलं. मले दिसलं. 'आई, हाक नको देऊ' म्हनासाठी तोंड उघडलं बी. मंग नोकरी आठवली, आन् मिटलं.

"ये रे माह्या राजा, ये!"

आला ना! काहून नाही येनार? तिनं कदी फसवलं नोतं त्याले.

अर्धा घंटा झुंजला. आदी आई हसली, तिले वाटलं साहेब खेळवून राह्यले त्याले. मंग तिले दोरी दिसली. मासा काठावर पडला, आन् साहेब नाचून राह्यले, "शाब्बास! अख्ख्या पेटीत असं आमिष नाही!"

आईनं उरलेले गोळे डोहात सोडले. रिकामं ताट घेऊन घरी गेली. महिनाभर माह्याशी एक शब्द नाही.

मंग ऑर्डर आली. कायम! तसाच गावी पळालो, दारातूनच वरडलो, "आई, मी कायम झालो!"

आतून आवाज आला, "ये रे माह्या राजा, ये."

मले रडूच आलं हो! म्हनलं, विसरली म्हातारी सारं. पाय न धुताच पाटावर जाऊन बसलो.

ताटात कच्च्या कनकीचे तीन गोळे. भाजी नाही, वरन नाही.

"खाय," आई म्हनली. "आता माह्या हाकेले येनारं तूच एक उरलं."

काय करता? खाल्ले. पन खरं सांगतो, दरेक गोळा गिळाच्या आदी जिभेनं चाचपून पाह्यला.