पाण्यातल्या गावाची पार्सलं

मुबारकचाचांना कंपनीनं खोटारडं ठरवलं, त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

भोरच्या पार्सल गोदामात मी माल उतरवून स्कॅन करते. चाचा नऊ वर्षं घरोघर वाटप करतात. पूर्वी सकाळी सगळी पार्सलं जमिनीवर मांडून वाटप करणाऱ्या चौघांच्या वाटण्या तेच पाडायचे. मार्गासनीला आज लावणी आहे, माणसं रानात असणार, तिकडं दुपारनंतर जा. अमक्याचं कुत्रं वाईट आहे, आधी फोन कर. एवढं सगळं डोक्यात, आणि कुणाची कधी कुरकुर नाही.

मग पुण्याहून ॲप आलं. पत्त्यांचे गट आता तेच पाडणार, चौघांना सारखे पत्ते, सारखे किलोमीटर. बरं, पाड बाबा. पण आंबेटेप कुठं आहे ते तरी कुणाला विचार.

आंबेटेप वेल्ह्याच्या अंगाला होतं, ते धरणात गेलं. तिथली अकरा घरं उत्रोलीजवळ वसली, आमच्या गोदामापासून दहा मिनिटांवर. ती माणसं पत्त्यात मात्र अजून आंबेटेपच लिहितात. त्यांच्यातल्या साळूबाईंना एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मंग काय लिवू? आमी आंबेटेपचंच हाय." भोरात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ॲपनं नकाशात आंबेटेप शोधलं, धरणाच्या मधोमध खूण केली आणि ती पार्सलं वेल्ह्याच्या गटात, म्हणजे चाचांच्या गळ्यात घातली.

चाचांनी त्यावर आपलाच तोडगा काढला. दिवसभर वेल्हं करायचे आणि परत येताना उत्रोलीला ज्याचं त्याला देऊन, सही घेऊन घरी जायचे. पंधरा दिवसांनी सकाळी मोबाईल उघडला तर ॲपवरची त्यांची आयडी बंद, म्हणजे कामच बंद. कारण, खोटी डिलिव्हरी. पत्त्याची खूण एकीकडं, पार्सल देताना चाचांचा मोबाईल दुसरीकडं, तेही एकोणीस वेळा.

घर उघडं असताना 'घर बंद' असं ज्यानं एकदाही लिहिलं नाही, तो माणूस खोटारडा. चाचा पोत्यावर बसले. "सुलक्षणा, नऊ वर्षांनी माझ्यावर आळ घातला गं," एवढंच म्हणाले. 

मी पुण्याला फोन लावला. कंपनीतले साहेब म्हणाले, "मॅडम, सिस्टीम दाखवतेय ते मी कसं नाकारू?"

"साहेब, तुमची खूण पाण्यात आहे. चाचांनी काय बुडी मारून पार्सल द्यायचं?"

ते हसले. हसायला यांचं काय जातंय. मग म्हणाले, ग्राहकांनी स्वतः पत्ते दुरुस्त केले तर आयडी उघडू, पण परवापर्यंत. नाहीतर दुसरा माणूस घेऊ.

चाचांना न सांगता मी उत्रोलीला गेले. साळूबाई तांदूळ पाखडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा आवाज चढला. "धरणानं घर घेतलं, शेत घेतलं. आता तुमच्या कंपनीला नाव बी पायजे व्हय?"

मी म्हटलं, पत्ता बदलला नाही तर चाचांची नोकरी जाईल.  त्यांनी सूप बाजूला सारलं आणि मोबाईल माझ्या पुढ्यात टाकला. "त्या मानसाच्या पोटावर पाय नगं. पूस."

मी पुसलं. अकरा घरं हिंडले, अकरा मोबाईलवर माझ्या बोटानं आंबेटेप पुसलं आणि उत्रोली लिहिलं. दुसऱ्या दिवशी चाचांची आयडी उघडली. साहेबांचा मेसेज आला, 'डेटा क्लीन झाला, थँक्यू.' डेटा म्हणे. असा संताप झाला की मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटला.

चार दिवसांनी नव्या पत्त्याचं पहिलं पार्सल आलं, साळूबाईंचंच. ॲपनं ते भोरच्या गटात, तिथं वाटप करणाऱ्या रियाजच्या ढिगात टाकलं होतं. चाचांनी ते उचलून पत्ता दोनदा वाचला.

"हे तू केलंस?"

मी मान हलवली.

"मला विचारायचं होतंस. त्यांच्या गावाचं नाव पुसण्यापेक्षा मी नोकरी सोडली असती."

सोडलीच असती. ते ठाऊक होतं म्हणून तर मी विचारलं नाही.