शेवटच्या पानावरचा धूर

अकाउंट्समध्ये कसले किस्से घडणार, असं लोकांना वाटतं. अहो, अलिबागजवळच्या आमच्या कारखान्यात धुराचा हिशेब ठेवायला लागल्यापासून रोज एक नवा! मी हेड अकाउंटंट, त्यामुळे सगळे माझ्याच टेबलावर येऊन पडतात.

भानगड साधी आहे. धुरातल्या कार्बनची मर्यादा सरकार ठरवून देतं. कमी सोडला तर सर्टिफिकेटं मिळतात, जास्त सोडला तर ती विकत घ्यावी लागतात. आणि जे असेल ते वार्षिक अहवालात सांगावं लागतं.

*

पहिल्या वर्षी सर्टिफिकेटं मिळाली. मी ती 'साठा' म्हणून दाखवली. मुंबईहून ऑडिटर रो-रो बोटीने आले, हेल्मेट चढवलं आणि म्हणाले, "चला, स्टॉक मोजू."

बॉयलरचे इन्चार्ज म्हात्रे शेजारीच उभे होते. त्यांनी चिमणीकडे बोट केलं. "जो धूर निघालाच न्हाय, त्याची सर्टिफिकेटं हायेत ही. चढा वर नि मोजा!"

ऑडिटरांनी हेल्मेट काढलं.

*

पुढच्या वर्षी जुना बॉयलर रुसला, कोळसा जास्त लागला आणि आम्ही मर्यादेबाहेर गेलो. आता सर्टिफिकेटं विकत घेणं आलं, म्हणजे नफ्याला कात्री. आमच्या डायरेक्टर साहेबांची नागावला नारळाची वाडी.

"मॅडम, माझी झाडं धूर खातात की! तेवढा वजा करा."

"साहेब, वाडी तुमची, धूर कंपनीचा. शिवाय निम्मी झाडं वादळात पडली ना?"

"मग उभी आहेत तेवढीच धरा!"

*

माझ्याकडे जमेना, तेव्हा त्यांनी म्हात्र्यांना गाठलं. "पावसात कोळसा भिजतो, वजन वाढतं. पाणी जरा जास्त वजा दाखवा, आकडा खाली येईल."

म्हात्रे निवृत्तीला आलेले, मुदतवाढीचा कागद साहेबांच्याच टेबलावर. पण घरची पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं!

"जेवढं व्हतं तेवढं वजा केलंय, साहेब. आमी मिठागरवाले. पाण्याचं वजन आमाला नका शिकवू!"

त्या माणसाचा मला फार अभिमान वाटला. मुदतवाढीचा कागद मात्र तिथेच पडून राहिला.

*

मग पाळी माझी. सर्टिफिकेटांचा हा तुटवडा अहवालात नकोच, असं साहेबांचं म्हणणं. मी म्हटलं, "मग सही दुसऱ्या कुणाची घ्या."

दोन दिवस घासाघीस चालली. शेवटी साहेब म्हणाले, "लिहा, पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. तिथपर्यंत वाचतंय कोण?"

आकडा मी म्हात्र्यांचाच पुरा लिहिला, अक्षर साहेबांच्या मापाचं ठेवलं.

*

शेअरहोल्डरांची सभा अलिबागच्या एका हॉलमध्ये होती. साहेबांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, बटाटेवड्यांचा वास सुटला. तेवढ्यात दिवेआगरचे एक शेअरहोल्डर, गणिताचे निवृत्त मास्तर, उठले. एका हातात भिंग, दुसऱ्यात अहवाल, शेवटचं पान दुमडलेलं.

"अहवालातल्या तुमच्या कोळशावरून धुराचा आकडा मी घरी काढून पाहिला," मास्तर म्हणाले. "अगदी बरोबर येतो."

माझ्या शेजारी बसलेल्या म्हात्र्यांनी श्वास सोडला. साहेबही खुशीत हसले.

"चाळीस वर्षं पेपर तपासले मी. उत्तराची खात्री नसली, की पोरं अक्षर बारीक काढतात." मास्तरांनी भिंग खिशात ठेवलं. "तुमचं तर बरोबर होतं. मग?"